संप, करार आणि गुन्हा : १९३८ चे एक विरोधी भाषण

१९८२ च्या दिवाळीच्या आसपास आमच्या लालबागच्या चाळीत एक छापील कागद आला. तो आबांच्या नावाचा होता आणि ते ज्या गिरणीच्या साचेखात्यात वीस वर्षे राबले, तिथून आला होता. कागद इंग्रजीत होता. शेजारच्या खोलीत बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ राहत. त्यांनी तो वाचून दाखवला. बेकायदा संपात भाग घेतल्यामुळे आबांना कामावरून कमी करण्यात आले आहे, एवढाच मजकूर. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. ‘बेकायदा’ या शब्दाने मी घाबरले. रात्री आबांना विचारले, “आबा, तुम्ही काय केलंत?” ते म्हणाले, “काही केलं नाही गं. कामावर गेलो नाही, तेच केलं.”

पुढे मी कायदा शिकले आणि बरीच वर्षे कामगार न्यायालयात वकिली केली. कामावर न जाणे हा गुन्हा कसा होतो, हा अकराव्या वर्षीचा प्रश्न मात्र सुटला नाही. कलमे पाठ होती. पण ती कोणी, कधी, कशासाठी केली आणि ती होत असताना ‘हे करू नका’ असे कोणी म्हणाले होते का, हे पाहायला सवड झाली ती काळा कोट खुंटीला टांगल्यानंतरच. त्या शोधात मी १९३८ च्या सप्टेंबर महिन्यात, मुंबई इलाख्याच्या विधानसभेतल्या एका भाषणापाशी पोहोचले. भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. ज्या ग्रंथखंडात ते आहे तो महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केला तो नेमका १९८२ साली. आबांचा कागद आणि त्या कागदाला दिलेले उत्तर एकाच वर्षी छापले गेले होते. आमच्या चाळीपर्यंत त्यातला फक्त कागद पोहोचला.

बाबासाहेबांची ओळख आपल्याकडे दोन टोकांवर थांबते. एका टोकाला महाड आणि काळाराम, दुसऱ्या टोकाला संविधान आणि नागपूर. मधली बारा वर्षे, म्हणजे १९२७ ते १९३९ या काळात मुंबईच्या कायदे कौन्सिलात आणि नंतर विधानसभेत त्यांनी केलेले काम, अभ्यासकांबाहेर फारसे वाचले जात नाही. या लेखात मला त्यातला एकच धागा उलगडायचा आहे : सरकार बदलले, साहेबाच्या जागी आपली माणसे आली, तरी कामगाराच्या वतीने सरकारला अडवणारा कोणी लागतो की नाही?

आपले सरकार, आपला कायदा

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ च्या आरंभी प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली आणि जुलैत बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले (प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत). गृहखाते कन्हैयालाल मुन्शींकडे आले आणि मजूर प्रश्नांचे काम संसदीय चिटणीस म्हणून गुलझारीलाल नंदा पाहू लागले. नंदा अहमदाबादच्या मजूर महाजनातून आलेले.

समोरच्या बाकांवर आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता. १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालेल्या या पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आणले. संख्या थोडी होती, पण सभागृहात ती सतत जाणवत असे. सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला. माझे आजोळ चिपळूणकडचे. खोताच्या अंगणात मळणीला फुकट राबावे लागे, हे आजी सांगायची, ते याच काळातले. ते विधेयक मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये.

अशा सभागृहात १९३८ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले.

सरकारची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नव्हती. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालला. जे हाल झाले ते गिरणगावाने पाहिले होते; कित्येक कुटुंबे भांडी विकून गावी गेली. पुढच्या वर्षी पुन्हा संप झाला आणि तो मोडला. अहमदाबादेत मात्र १९१८ पासून वाटाघाटी आणि लवादाची रीत रुजली होती. नंदांसारख्या माणसाला वाटे की कामगाराला उपाशी ठेवून लढवण्यापेक्षा आधी मालकाला टेबलाशी बसवावे. खेर सरकारने आल्याबरोबर कापड कामगारांसाठी चौकशी समिती नेमली आणि तिच्या अंतरिम अहवालावरून १९३८ च्या आरंभी पगारवाढही मिळाली. हे सरकार कामगारांचे वैरी नव्हते.

विधेयकाचा सांगाडा असा होता. कामाच्या अटींत बदल करायचा असेल तर मालकाने किंवा कामगारांनी आधी नोटीस द्यायची. मग बोलणी. बोलणी फिसकटली तर सरकारी तडजोड अधिकाऱ्यापुढे जायचे. ही सारी पायरीपायरीची वाट चालून होईपर्यंत संप किंवा टाळेबंदी करायची नाही. केल्यास ती बेकायदा आणि शिक्षेस पात्र. कामगारांच्या वतीने कोणी बोलायचे, हेही कायदाच ठरवणार. त्यासाठी संघटनांची वर्गवारी होती आणि ज्या संघटनेला मालकाची मान्यता आहे तिला नोंदणी सोपी, जिला ती नाही तिला अवघड, अशी तजवीज होती.

वरवर पाहता यात वावगे काय? आधी बोला, मग भांडा, असे घरातले वडीलधारेही सांगतात. गिरणीत वाढलेल्या माणसाला मात्र यातली मेख चटकन कळते. संपाची सारी ताकद वेळेत असते. बाजार तेजीत असेल, गोदाम रिकामे असेल, तेव्हा आठ दिवस साचे थांबले तर मालक बोलायला येतो. तीन-चार महिन्यांची सक्तीची वाट पाहायला लावली की तेवढ्या काळात गोदामे भरतात, बदलीवाल्यांची यादी तयार होते, पुढारी कोण ते हेरले जाते. मग संप ‘कायदेशीर’ होतो, पण तो करून उपयोग नसतो. १९८२ मध्ये सुरुवातीचे महिने मालक निर्धास्त होते, कारण न विकलेल्या कापडाचे ढीग पडून होते. आबा म्हणायचे, “आम्ही थांबलो तेव्हा त्यांना थांबायचंच होतं.”

करारभंग आणि गुन्हा

आंबेडकर १५ सप्टेंबरला बोलायला उभे राहिले. भाषण लांब आहे आणि त्यात सभेला पेटवणारी वाक्ये थोडी आहेत. एखाद्या वकिलाने कोर्टात एकेक मुद्दा सोडवत जावे तसे ते आहे. त्यांनी आरंभीच प्रश्न विचारला : संप म्हणजे काय?

त्यांचे उत्तर असे. कामगार आणि मालक यांच्यात नोकरीचा करार असतो. संप म्हणजे त्या कराराचा भंग, याहून अधिक काही नाही. करार मोडला तर समोरच्याने दिवाणी कोर्टात नुकसानभरपाई मागावी. व्यापारी रोज एकमेकांशी केलेले करार मोडतात. त्यासाठी कोणी त्यांना बेड्या घालत नाही. मग कामगाराने करार मोडला की तो गुन्हेगार का? नोकरी सोडल्याबद्दल, काम न केल्याबद्दल तुरुंग ठेवला तर त्याचा अर्थ एवढाच, की माणसाला त्याच्या मनाविरुद्ध राबायला लावायचे. मनाविरुद्ध राबणाऱ्या माणसाला गुलाम म्हणतात. म्हणून संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे; आणि ज्यांना स्वराज्य हा आपला हक्क वाटतो त्यांना हा हक्क नाकारता येणार नाही. विधेयकाचे नाव बदलून ‘कामगारांचे नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारा कायदा’ असे ठेवावे, असेही त्यांनी सुचवले.

काँग्रेसच्या बाकांना हे झोंबले असणार. १९३६ च्या त्यांच्याच निवडणूक जाहीरनाम्यात कामगारांच्या संघटनेचा आणि हितरक्षणासाठी संप करण्याचा हक्क मान्य केलेला होता.

या युक्तिवादाचे बळ कळायला आपल्या कायद्याचा एक विसरलेला इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. आपल्याकडे एकेकाळी काम सोडणे खरोखरच गुन्हा होता. १८५९ साली कंपनीचे राज्य संपल्यावर लगेचच ‘कामगारांचा करारभंग कायदा’ आला. उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, काम पुरे करण्याचा हुकूम द्यायचा आणि तरी ऐकले नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी केलेला हा कायदा पुढे चहामळ्यांपर्यंत पसरला. भारतीय दंडसंहितेतही तीन कलमे होती : प्रवासात सेवा देण्याचा करार मोडणे, लांबच्या मुलखात काम करण्याचा करार मोडणे आणि लहान मूल, वेडा किंवा आजारी अशा असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार मोडणे.

१९२५ साली विधिमंडळाने १८५९ चा कायदा रद्द केला आणि दंडसंहितेतली पहिली दोन कलमेही काढून टाकली. तिसरे, म्हणजे असहाय माणसाला वाऱ्यावर सोडण्याचे, राहू दिले. आज नव्या न्यायसंहितेतही ते ३५७ व्या क्रमांकाने शिल्लक आहे. या एका कलमाच्या उरण्यात एक मोठे तत्त्व दिसते. काम सोडल्याने जर कोणाच्या जिवावर बेतत असेल तरच त्याला गुन्हा म्हणायचे. मालकाचा नफा बुडतो म्हणून नव्हे. हे तत्त्व इंग्रज राजवटीतल्या विधिमंडळाने मान्य केले होते. त्यानंतर तेरा वर्षांनी लोकनियुक्त सरकार त्याच्या मागे जात होते.

अत्यावश्यक कोण?

इथे एक रास्त शंका येते. पाणी, दिवाबत्ती, रेल्वे, टपाल, शहराची सफाई ही कामे थांबली तर सामान्य माणसाचे काय? १९२९ च्या केंद्रीय ट्रेड डिस्प्यूट्स कायद्याने याच कामांपुरते बंधन घातले होते. सार्वजनिक उपयोगाच्या सेवेतल्या कामगारांनी १४ दिवसांची लेखी नोटीस दिल्याखेरीज संप केला तर शिक्षा. हाच तो कायदा, ज्याचे विधेयक ८ एप्रिल १९२९ ला दिल्लीच्या मध्यवर्ती सभागृहात मंजूर झाले आणि पाठोपाठ भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकले. तेव्हा देशाने ज्याला जुलमी म्हटले, त्याचे कुंपण निदान सार्वजनिक सेवांभोवती होते. १९३८ च्या विधेयकाने ते कुंपण साऱ्या उद्योगांभोवती ओढले. कापडगिरणीतला विणकर आणि पाणीपुरवठ्याचा कामगार यांना एकाच मापाने मोजले.

पण सार्वजनिक सेवांचा प्रश्न एवढ्यावर सुटत नाही. तो आंबेडकरांच्या आधीच्या अकरा वर्षांच्या कामाशी जोडून पाहिला तर वेगळाच दिसतो. ‘ही सेवा इतकी मोलाची आहे की ती थांबता कामा नये’ असे सरकार म्हणते, तेव्हा ती सेवा करणाऱ्याला ते काय देते, हा प्रश्न त्यांनी पुन्हा पुन्हा विचारला होता.

महार वतनाचेच पाहा. गावची राखण, सरकारी टपाल आणि ऐवज पोहोचवणे, साहेब आला की त्याच्यापुढे धावणे, मेलेली गुरे ओढणे अशी रात्रंदिवसाची चाकरी. सरकारच्या दृष्टीने ही गावगाड्याची अत्यावश्यक सेवा. मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. कामाला वेळेची मर्यादा नाही आणि एक जण आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. १९२८ साली आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. चाकरी नको असेल त्याला ती सोडता यावी आणि जो करील त्याला नेमके वेतन मिळावे, हा त्याचा रोख होता. विधेयक समितीत एवढे छाटले गेले की १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. ‘मनाविरुद्ध राबणे म्हणजे गुलामी’ हे १९३८ चे वाक्य पुस्तकातून आलेले नव्हते, हे या विधेयकाची कहाणी वाचल्यावर पटते.

दुसरे उदाहरण रेल्वेचे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे तिथले त्यांचे सूत्र अनेकांना माहीत असते. त्याच भाषणातला एक साधा तपशील मला जास्त हलवून गेला. अस्पृश्य माणूस वर्षानुवर्षे रुळांवर गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टरही केले जात नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागतात आणि तिथे त्याचा स्पर्श चालत नाही. कागदावर सरकारी असलेली नोकरी अशी कोणाच्या तरी माजघरात जाऊन अडत होती.

तिसरे उदाहरण तिजोरीचे. १९२७ मध्ये अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी हिशेब मांडला की इलाख्यात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात आणि अबकारीतून, म्हणजे दारूवरच्या करातून, सरकार दरडोई २ रुपयांहून अधिक काढते. लोकांकडून जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर लावा, अशी मागणी त्यांनी केली. १९२८ मध्ये गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले तेव्हा त्यांनी पाठिंबा दिला आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलावा असे सांगितले, कारण आई आणि मूल यांची काळजी साऱ्या समाजाच्या हिताची असते. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

ही तिन्ही उदाहरणे एकत्र ठेवली की त्यांची भूमिका स्पष्ट होते. सार्वजनिक सेवा ही राज्याची जबाबदारी आहे. ती निभावण्याचा खर्च राज्याने करायचा, सेवा करणाऱ्याच्या पाठीवर लादायचा नाही. ‘अत्यावश्यक’ हा शब्द पगारपत्रकात दिसत नसेल आणि फक्त संपबंदीच्या हुकमात दिसत असेल, तर तो शब्द खोटा आहे. हे शेवटचे वाक्य त्यांचे नाही, माझे आहे. पण या भाषणांच्या शेवटी मी याच जागी येऊन पोहोचले.

संपाला विरोध, संपाच्या हक्काला पाठिंबा

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की आंबेडकर संपवाले पुढारी होते. तसे नव्हते. १९२८ च्या मोठ्या संपाबद्दल ते साशंक होते आणि १९२९ च्या संपाला तर त्यांनी उघड विरोध केला, आपल्या माणसांना कामावर जायला सांगितले. कारण ठोस होते. साचेखात्यात अस्पृश्यांना कामच मिळत नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे. त्यामुळे बरा पगार देणारे खाते त्यांना बंद. त्यांनी आग्रह धरला तेव्हा कुठे ही बंदी उठवण्याची गोष्ट संपाच्या मागण्यांत आली. ज्या लढ्यात आपल्या माणसाला वाटा नाही त्यासाठी त्याने उपाशी का राहायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

आबा साचेखात्यातले. ते आमच्या जातीमुळे त्या खात्यात होते, हे मी कॉलेजात जाईपर्यंत मला कोणी सांगितले नव्हते.

१९२९ मध्ये संप मोडणारा माणूस १९३८ मध्ये संपाच्या हक्कासाठी उभा राहतो, याला कोणी विसंगती म्हणेल. मला मात्र त्यातच या भाषणाचे खरे मोल दिसते. एखादा संप करणे शहाणपणाचे की नाही, हे संप करणाऱ्याने ठरवायचे, त्यात चूकही होईल. त्याचा तो निर्णय घेण्याचा अधिकार काढून घेणे ही निराळी गोष्ट. आपल्याला पटलेल्या संपाची बाजू कोणीही घेतो. न पटणाऱ्या संपाचाही हक्क राखायचा, हे तत्त्वाचे काम.

सात नोव्हेंबर आणि नंतर

विधेयक मंजूर झाले. बहुमत सरकारचे होते, वेगळे काही होणार नव्हते. बाहेर मात्र विरोध एकवटला. ज्या कम्युनिस्टांशी १९२९ मध्ये उभा दावा होता, त्या डांगे-मिरजकर-निंबकरांसोबत आंबेडकरांचा पक्ष उतरला. सोबत जमनादास मेहता होते, श्यामराव परुळेकर होते. ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. आंबेडकर स्वतः गिरणभागात फिरले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, गोळीबारही झाला. कायदा मात्र राहिला.

चार वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता ते स्वतः सरकारात होते, आणि तेही युद्धकाळात, जेव्हा भारत संरक्षण नियमांखाली सरकारला संप मनाई करून वाद लवादाकडे सोपवता येत होता. हा भाग वगळून त्यांचे चित्र रंगवणे मला मान्य नाही. मंत्रिपदी बसल्यावर विरोधी बाकावरची प्रत्येक गोष्ट हाती राहत नाही. पण कामगार, मालक आणि सरकार यांना एकत्र बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्यांनी चालवल्या, संघटनांना मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक १९४३ मध्ये मांडले, आणि १९४६ मध्ये कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली.

संपाचा हक्क मात्र संविधानात लिहिला गेला नाही. संघटनेचा आहे, संपाचा नाही. २००३ मध्ये तमिळनाडूत लाखाहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांना संपामुळे एका फटक्यात काढले गेले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही आणि नैतिकही नाही.

आणि मुंबईत? १९३८ च्या कायद्याच्या जागी १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. एका भागातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना, बोलणी तिच्याशीच, हा गाभा त्यात आणखी पक्का झाला. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा पगार-बोनसाबरोबर हा कायदा रद्द करा ही त्यांची मागणी होती. कामगार एका बाजूला आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा कायदेशीर अधिकार दुसऱ्या बाजूला, अशी ती कोंडी होती. आबांच्या हाती पडलेल्या कागदावर जो ‘बेकायदा’ शब्द होता, त्याची वंशावळ ही अशी १९३८ पर्यंत जाते.

२०२० मध्ये संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. जुन्या १९४७ च्या केंद्रीय कायद्यात १४ दिवसांच्या नोटिशीची अट सार्वजनिक उपयोगाच्या सेवांपुरती होती. नव्या संहितेत ती सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केली आहे. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संप. अट मोडल्यास दंड किंवा कैद. म्हणजे १९२९ कडून १९३८ कडे जे पाऊल मुंबई इलाख्याने टाकले होते, तेच आता देशाने टाकले आहे. या वेळी सभागृहात १५ सप्टेंबरच्या तोलाचे एखादे भाषण झाले का, हे वाचकांनी आपले आपण आठवून पाहावे.

आबा २०११ मध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना त्या भाषणाचा सारांश मराठीत वाचून दाखवला होता. ते खाटेवर बसून ऐकत होते. करारभंग आणि गुन्हा यांतला फरक मी दोनदा समजावला. त्यांनी विचारले, “मग मतं किती पडली?”

“सरकारचंच बहुमत होतं, आबा. बिल पास झालं.”

“ते होणारच,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पण तेव्हाच कुणीतरी बोलून ठेवलं होतं म्हणायचं.”

तो कागद अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटला आहे आणि ‘बेकायदा’साठी वापरलेला इंग्रजी शब्द नेमका घडीवर आला आहे. वकिलीत मी असे शेकडो कागद पाहिले आणि बहुतेकांना कायद्याच्या चौकटीतच उत्तर दिले, कारण कोर्टात तेवढेच चालते. चौकटच चुकीची आहे, हे कोर्टात म्हणता येत नाही. ते म्हणायची जागा सभागृहात असते, आणि तीही बहुधा हरणाऱ्या बाकांवर.